बिनतारी विजेचे स्वप्न पाहणारा निकोला टेस्ला

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नरोलीला जाण्याचा योग आला. भिलाड स्टेशनवर उतरून सिल्वासाकडे निघाले की वाटेत हे गाव लागते, पुढे दमणगंगा. १९५४ च्या जुलैअखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालेल्या या गावाभोवती आता कारखानेच कारखाने झाले आहेत. माझा भाचा तिकडेच एका कारखान्यात नोकरीला आहे. मोटरींच्या व रोहित्रांच्या वेटोळ्यांना लागणारी तांब्याची तार तेथे तयार होते. संध्याकाळी रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत आम्ही ट्रकांची रांग पाहत बसलो होतो. तेव्हा त्याने मला एक बातमी सांगितली. परदेशात म्हणे असे रस्ते झाले आहेत की ज्यांच्या पोटात तांब्याची वेटोळी पुरलेली असतात आणि विजेवर चालणारी गाडी त्यांच्यावरून धावता धावताच आपली बॅटरी भरून घेते. ना तार, ना प्लग! पुढे तो असेही म्हणाला की हे सारे टेस्लाने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. साऱ्या जगाला फुकट वीज मिळणार होती, पण भांडवलदारांनी ते दडपून टाकले.

बातमी खरी होती. पुढचे विधान मात्र थोडे खरे आणि बरेचसे दंतकथेचे होते. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थीही टेस्लाविषयी असेच काहीबाही सांगताना आढळतात. म्हणून या विलक्षण माणसाचे चरित्र जसे घडले तसे येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो क्रोएशियात आहे. घराणे सर्ब वंशाचे. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः घडवीत असे आणि लांबलचक वीरकाव्ये तिला मुखोद्गत होती. आपल्या अंगी असलेली कल्पकता आईकडूनच आली, असे टेस्ला जन्मभर मानत असे. त्याचा थोरला भाऊ अतिशय बुद्धिमान होता. तो लहानपणीच अपघातात गेला आणि त्या दुःखाची सावली घरावर कायमची राहिली.

मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन यंत्रांत. १८७३ साली शालेय शिक्षण संपवून तो घरी परतला तो पटकीच्या साथीत सापडला आणि कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहिला. मुलगा हातचा जातो असे दिसू लागले तेव्हा वडिलांनी त्याला वचन दिले की बरा झालास तर तुला अभियांत्रिकीच्या शाळेत घालीन. मुलगा बरा झाला आणि १८७५ साली ग्राट्स येथील तांत्रिक शिक्षणसंस्थेत दाखल झाला.

तेथे एके दिवशी अध्यापकांनी वर्गात एक विजेचे यंत्र चालवून दाखविले. त्या काळी मोटरी एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चालत. फिरणाऱ्या भागात प्रवाहाची दिशा पालटण्यासाठी एक दिक्परिवर्तक असे व त्यावर ब्रश घासत असत. त्या घर्षणाच्या जागी सारख्या ठिणग्या उडत. हे ब्रश काढून टाकता येणार नाहीत का, अशी शंका टेस्लाने विचारली. अध्यापकांनी पुढील व्याख्यानात ही गोष्ट कशी अशक्य आहे ते सविस्तर समजावून दिले. टेस्ला गप्प बसला, पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पहिल्या वर्षी अपार अभ्यास करणारा हा विद्यार्थी पुढे जुगाराच्या नादी लागला आणि पदवी न घेताच त्याने संस्था सोडली. १८७९ मध्ये वडील वारले. पुढे प्रागमध्ये काही काळ व्याख्याने ऐकून तो १८८१ मध्ये बुडापेस्टला टेलिफोनच्या कामावर लागला. तेथे १८८२ साली एका संध्याकाळी मित्राबरोबर बागेत फिरत असताना त्याला ग्राट्सच्या प्रश्नाचे उत्तर एकदम सापडले. त्याने काठीने वाळूत आकृती काढून मित्राला ती समजावून सांगितली.

ती कल्पना अशी. दिशा सतत उलटसुलट बदलणारे, म्हणजे प्रत्यावर्ती, दोन किंवा तीन प्रवाह घ्यावयाचे. ते एकाच क्षणी शिखरावर न पोहोचता एकामागून एक पोहोचतील अशी योजना करावयाची. हे प्रवाह वर्तुळात मांडलेल्या वेटोळ्यांतून सोडले की चुंबकीय क्षेत्र स्वतःच गरगर फिरू लागते. मधल्या धातूच्या भागात त्यामुळे आपोआप प्रवाह निर्माण होतात आणि तो भाग क्षेत्रामागून ओढला जातो. ब्रश नको, ठिणगी नको. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या तारेत वीज निर्माण होते हे प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच शोधले होते. इटलीतील गालिलेओ फेरारिस हाही याच सुमारास स्वतंत्रपणे फिरत्या क्षेत्रापर्यंत पोहोचला होता. पण त्यातून वीज निर्माण करण्यापासून ती वापरण्यापर्यंतची संपूर्ण व्यवस्था उभारण्याची दृष्टी टेस्लाची.

वाचकांनी या मोटरीतील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण पुढील सारी कथा तिच्यावरच उभी आहे. बाहेरचे स्थिर वेटोळे आणि आतला फिरता भाग यांना जोडणारी तार नसते. दोहोंमध्ये हवेची अगदी अरुंद फट असते आणि सारी शक्ती ती फट ओलांडून पलीकडे जाते. म्हणजे ज्या शोधाने टेस्लाला कीर्ती मिळाली तो शोध मुळात बिनतारी वीजवहनाचाच एक प्रकार होता. फक्त अंतर फार थोडे होते.

१८८४ साली टेस्ला न्यूयॉर्कला उतरला आणि एडिसनच्या कारखान्यात कामाला लागला. सुमारे सहा महिन्यांत पैशांवरून बिनसले आणि त्याने नोकरी सोडली. स्वतःची कंपनी काढली तीही भागीदारांनी हातातून काढून घेतली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात हा अभियंता रोज दोन डॉलरवर चर खणण्याचे काम करीत होता. मग दिवस पालटले. दोन व्यावसायिकांनी त्याला प्रयोगशाळा काढून दिली. १ मे १८८८ रोजी त्याला मोटरीचे पेटंट मिळाले आणि त्याच महिन्यात अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याचे व्याख्यान झाले. जॉर्ज वेस्टिंगहाउस या कारखानदाराने ते हक्क घेतले. रोख रक्कम व समभाग यांशिवाय प्रत्येक अश्वशक्तीमागे अडीच डॉलर टेस्लाला मिळावयाचे होते.

एडिसनचा एकदिश प्रवाह एखाद्या मैलापलीकडे नेणे परवडत नसे. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने वाढविता येतो, त्यामुळे तो दूरवर नेता येतो. १८९३ मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन या प्रवाहावर उजळले आणि १८९६ च्या नोव्हेंबरात नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. आपल्याकडे १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली व १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, ती याच पद्धतीने. आज कानडी मुलुखात आणि महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या विहिरीवर जो तीन फेजचा पंप चालतो त्याची मोटरही टेस्लाच्याच कुळातली आहे.

वेस्टिंगहाउस आर्थिक अडचणीत आल्यावर टेस्लाने उदारपणे करार फाडून टाकला अशी गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात १८९७ मध्ये वेस्टिंगहाउसच्या कंपनीने ते हक्क २,१६,००० डॉलर एकरकमी देऊन विकत घेतले. पुढे झालेला मोटरींचा प्रसार पाहता हा सौदा टेस्लाला महागात पडला, हे मात्र खरे.

यानंतर टेस्लाचे मन अधिक वेगाने बदलणाऱ्या प्रवाहांकडे वळले. १८९१ मध्ये कोलंबिया कॉलेजातील व्याख्यानात त्याने हातात धरलेल्या काचेच्या नळ्या कोणतीही तार न जोडता उजळून दाखविल्या. यामागे अनुनादाचे तत्त्व होते. झोपाळ्याला त्याच्या लयीनुसार हलके झोके देत गेले की तो उंच जातो. भलत्या वेळी दिलेला धक्का वाया जातो. तसेच दोन वेटोळी एकाच लयीला जुळविली की एकातली शक्ती दुसरे सहज उचलते. १८९५ च्या मार्चमध्ये त्याची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. विमा नव्हता. तरीही तो पुन्हा कामाला लागला.

याच काळातला एक प्रसंग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला मुक्कामास होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर सुमारे सव्वातीन वर्षांनी, १८९६ च्या आरंभी, न्यूयॉर्कमध्ये त्यांची आणि टेस्लाची भेट झाली. प्राण व आकाश या वेदान्तातील संकल्पना टेस्लाला मोलाच्या वाटल्या. शक्ती आणि द्रव्य ही एकाच मूळ शक्तीची रूपे आहेत हे तो गणिताने सिद्ध करून दाखवील अशी स्वामीजींना आशा होती. तसे गणित टेस्लाकडून झाले नाही. द्रव्य आणि ऊर्जा यांचे नाते १९०५ मध्ये आइन्स्टाइनने वेगळ्याच मार्गाने मांडले. टेस्लाची प्रतिभा गणितात नव्हती; ती मनातल्या मनात यंत्र उभे करून चालवून पाहण्यात होती. हेच त्याचे बळ होते आणि पुढे हेच उणेही ठरले.

१८९९ च्या मे महिन्यात तो कोलोराडो स्प्रिंग्ज या उंचावरील गावी गेला. तेथे सुमारे पन्नास फूट व्यासाचे वेटोळे बांधून त्याने कृत्रिम विजांचा कडकडाट निर्माण केला. एका प्रयोगात तर गावाच्या वीजकेंद्रातील जनित्रच जळाले. येथेच त्याने २६ मैलांवर दोनशे दिवे बिनतारी लावले, अशी हकीकत पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. तिला आधार नाही. त्याने स्वतः छायाचित्रासह प्रसिद्ध केलेली नोंद अशी आहे की मुख्य वेटोळ्यापासून १०० फुटांवर, प्रत्येक बाजू ५० फूट असलेल्या तारेच्या चौकोनात तीन साधे दिवे पूर्ण तेजाने लागले. हे यशही लहान नव्हते. पण शंभर फूट आणि सारी पृथ्वी यांत केवढे अंतर!

ते अंतर टेस्लाने कल्पनेने पार केले. पृथ्वी हा एक प्रचंड वाहक असून तिला योग्य लयीचे धक्के दिले तर कोठेही जमिनीत तार खुपसून वीज घेता येईल, असा त्याचा पक्का ग्रह झाला. न्यूयॉर्कला परतल्यावर जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराने १९०१ मध्ये त्याला १,५०,००० डॉलर देऊ केले ते अटलांटिकपार संदेश पाठविण्यासाठी. लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे १८७ फुटी मनोरा उभा राहू लागला. इतक्यात १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने फार कमी खर्चाच्या साधनांनी अटलांटिकपार संकेत पोहोचविल्याचे जाहीर केले. टेस्लाने मग मॉर्गनला आपला खरा हेतू सांगितला की हा मनोरा संदेशच काय, शक्तीही पाठवील. मॉर्गनने आणखी पैसा देण्याचे नाकारले.

फुकट विजेवर मीटर कोठे बसवावयाचा, असे विचारून मॉर्गनने हात काढून घेतला ही गोष्ट येथूनच निघाली. तिला पुरावा नाही. सावकाराने पैसे दिले एका कामासाठी आणि ते काम दुसऱ्याने स्वस्तात करून दाखविले, एवढे कारण त्याला पुरेसे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा मिळता तरी मनोऱ्याने जगाला वीज पुरविली असती असे आजचे भौतिकशास्त्र मानत नाही. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने बरेच दूर गेल्यावर, अंतर दुप्पट झाले की त्याच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे आठपटीने घटते. पृथ्वीही आदर्श वाहक नाही. पाठविलेली शक्ती मातीत व हवेत विरून जाते. दूरवर किती वीज पोहोचते याचे मोजमाप टेस्लाने कधी जगापुढे मांडले नाही. हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी ती जागा त्याच्या हातून गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडून त्याचे सामान भंगारात विकले गेले.

त्याच वर्षी अभियंत्यांच्या संस्थेने त्याला आपले सर्वोच्च पदक दिले. ते एडिसनच्या नावाचे होते! पुढची पंचवीस वर्षे एकाकीपणाची होती. तो अविवाहित राहिला. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बिऱ्हाड हलवी, तीन या आकड्याचे वेड बाळगी, कबुतरांना दाणे घाली, आजारी कबुतरांना खोलीत आणून शुश्रूषा करी. वाढदिवसाला वार्ताहरांना बोलावून तो नवनव्या अद्भुत यंत्रांच्या घोषणा करी. यंत्रे मात्र दिसत नसत. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनीने त्याचे खोलीभाडे व दरमहा १२५ डॉलर देऊन त्याची उपासमार टाळली. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तेहेतिसाव्या मजल्यावरील खोलीत वयाच्या ८६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. १९६० साली चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले. मोटरगाड्यांच्या कंपनीने ते घेतले २००३ मध्ये.

आता नरोलीच्या रस्त्यावरील प्रश्नाकडे वळू. रस्त्याखाली वेटोळे, गाडीच्या पोटाखाली वेटोळे, दोहोंमध्ये वीतभर हवा. दोघांची लय जुळलेली. गाडी वर आली की तेवढ्याच भागात वीज सोडावयाची आणि गाडी पुढे गेली की बंद करावयाची. म्हणजे टेस्लाच्या मोटरीतील अरुंद फट थोडी रुंद करून रस्त्यावर आडवी पसरली असे म्हणता येईल. आगगाडीला अशी वीज देण्याचे पेटंट ह्युतँ आणि लब्लाँ या फ्रेंच अभियंत्यांनी १८९४ मध्येच घेतले होते. परंतु एवढ्या वेगाने प्रवाह उलटसुलट करणारी स्वस्त साधने यावयास शंभर वर्षे लागली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी शहरात २४ किलोमीटरच्या मार्गावर दोन बसगाड्या अशा धावू लागल्या. फट १७ सेंटिमीटर होती, शंभरातील सुमारे ८५ भाग वीज गाडीत पोहोचत होती, आणि वेटोळी रस्त्याच्या ५ ते १५ टक्के भागातच पुरावी लागली. त्यानंतर स्वीडनमधील गॉटलंड बेटावर १.६ किलोमीटरचा व २०२३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट शहरात पाव मैलाचा रस्ता झाला. आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक संस्थेबरोबर उभ्या गाडीसाठी दीड किलोवॅटचा बिनतारी चार्जर तयार केला आहे. त्यातील फट साडेबारा सेंटिमीटरची आहे.

प्रश्न अजून आहेतच. तांबे महाग. पावसाळ्यानंतर आपले रस्ते दर वर्षी उकरले जातात. त्यांच्या पोटातील वेटोळ्यांचे काय होणार? हा खर्च सरकारने करावा की गाडीवाल्याने? ठरावीक मार्गाच्या बसगाड्यांना हे परवडेल, कारण त्यांना लहान बॅटरी पुरेल. प्रत्येक रस्त्याला परवडेल असे म्हणणे आज धाडसाचे ठरेल.

भाच्याला मी पत्राने एवढेच कळविले आहे की टेस्लाचे स्वप्न कोणी दडपले नाही. पृथ्वीएवढ्या अंतरावर ते टिकले नाही, वीतभर अंतरावर टिकले. आणि ते टिकले ते नंतरच्या असंख्य अभियंत्यांनी प्रत्येक सेंटिमीटरला किती वीज वाया जाते याचा हिशेब ठेवला म्हणून. ग्राट्सच्या वर्गात अशक्य म्हटल्या गेलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा टेस्ला आपण जरूर आदर्श मानावा. पण त्याच्याकडे जे कमी पडले, ते मोजमापही आपण शिकावे. भाचा ज्या तारेची रिळे भरतो, तिची जाडी तो रोज मोजूनच पाहतो. त्या तारेचे एखादे वेटोळे उद्या नरोलीच्या रस्त्याखाली जाईलही. तेथे मोजमाप करावयास आपल्या वर्गातला कोणी असला तर आनंद वाटेल.